मोबाईलमधले गुण आणि फळ्यावरची अक्षरे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने मला विषय दिला, 'मुलांचे शिक्षण आणि डिजिटल साधने'. घरी सांगितले तर सून हसली. म्हणाली, "मामाजी, तुमाले त सकाळचा अलार्म बंद करता येत नाई, अन तुमी डिजिटलवर बोलनार?" तिचे खरे आहे. मी राईस मिलमधला कामगार. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे धानाचे कट्टे वाहता वाहता, रात्री याच विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून, 17 नंबरचा फॉर्म भरून एकतिसाव्या वर्षी दहावी पास झालो. गणितात 36 गुण पडले होते. म्हणजे विषयाचा जाणकार म्हणून मला येथे उभे केले असेल तर समितीची फसगत झाली आहे. मी बोलणार आहे तो एक आजोबा म्हणून, ज्याच्या हातून या साधनांच्या बाबतीत एक मोठी चूक झाली.

गोष्ट 2020 सालची. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. माझी नात तेव्हा दुसरी संपवून तिसरीत जाणार होती. जूनपासून अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला. 20 जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. चांगली मालिका होती, मी स्वतः पाहिली आहे. पुस्तकाच्या पानावर तो काळा-पांढरा चौकोन असतो, क्यूआर कोड, तो मोबाईलने टिपला की 'दीक्षा' ॲपवर त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो, हेही आम्हाला त्याच वर्षी कळले. 'दीक्षा' 2017 पासूनच होते. पण शाळा चालू असताना त्या चौकोनाकडे कोण पाहतो? मला वाटायचे तो किमतीचा छाप असावा.

मग नोव्हेंबर 2020 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने 'स्वाध्याय' सुरू केले. व्हॉट्सॲपवरून घरबसल्या चाचणी. एका नंबरवर संदेश पाठवायचा, माध्यम, इयत्ता, विषय निवडायचा, की एकामागून एक प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाला पर्याय. बरोबर वाटेल त्या पर्यायाचा आकडा पाठवायचा. शेवटी गुण कळतात. दर आठवड्याला नवी चाचणी. ज्या काळात गुरुजी घरी येऊ शकत नव्हते, मूल शाळेत जाऊ शकत नव्हते, त्या काळात हे डोके ज्यांनी चालवले त्यांना मी आजही मानतो.

आता आमच्या घरची स्थिती ऐका. मोठा फोन दोन. एक मुलाजवळ, तो बुटीबोरीला कामावर. दुसरा माझ्याजवळ, आणि मी मिलमध्ये. धानाचा हंगाम, नोव्हेंबर-डिसेंबर, रात्रीचे आठ वाजल्याशिवाय सुटका नाही. मी घरी येईपर्यंत पोरगी पेंगुळलेली असायची. तिला उठवून प्रश्न वाचून दाखवायचो. ती "दोन" म्हणायची, मी दोन दाबायचो. कधी ती चुकीचे सांगायची, तेव्हा मी म्हणायचो, "नीट पाय बरं." मग ती दुसरा आकडा सांगायची. तोही चुकला तर मीच बरोबरचा दाबून टाकायचो. पुढे पुढे तिला उठवणेही सोडून दिले. वाटायचे, झोपू दे लेकराला. आणि खोटे कशाला बोलू, मला त्या चाचणीची गोडी लागली होती! दहावीच्या गणितात 36 मिळवलेला माणूस मी, तिसरीच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवत होतो.

आठवड्यामागून आठवडे गुण चांगले येत राहिले. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी तिचे गुण लोकांना दाखवले. या विहारातही दाखवले, येथे बसलेल्या काहींना आठवत असेल. शाळेच्या बाईंनी शाबासकीचा संदेश पाठवला होता. त्यांचा काय दोष? त्यांच्याकडे गेला तो आकडा खराच होता. फक्त तो माझा होता.

पुढच्या वर्षी, 2021 च्या नोव्हेंबरात, संविधान दिनाच्या कार्यक्रमासाठी मी आपल्या विहाराबाहेरचा फळा लिहीत होतो. नात सोबत होती, चौथीत गेली होती. छोट्यांच्या शाळा 1 डिसेंबरपासून उघडणार असे जाहीर झाले होते, त्या आनंदात होती. मी सहज म्हटले, वाच पाहू काय लिहिले ते. फळ्यावर चार ओळी: संविधान दिन, तारीख, वेळ, सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. तिने 'विहार' शब्द ओळखला. नंतर तिची मान वर झाली. ती फळ्याकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी ओठ हलवीन आणि ती म्हणेल, असे. मी ओठ मिटून उभा राहिलो. तेव्हा हळूच म्हणाली, "आबाजी, मले मोठे शब्द नाई येत. तुमीच त वाचता ना नेहमी."

माझ्या हातात खडू होता. तो कार्यक्रम कसा पार पडला, कोण काय बोलले, मला काही आठवत नाही.

बंधूंनो, आमच्या मिलमध्ये धान आले की ओलावा तपासतात. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. त्यासाठी मीटर असते. मूठभर दाणे टाका, आकडा दिसतो. जुने लोक दाणा दाताखाली धरून सांगायचे, कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मीटर आल्यावर वाद कमी झाले, हे चांगलेच झाले. पण मीटरला एक गोष्ट कळत नाही, आपल्यात टाकलेले दाणे पोत्यात वरचे होते की तळाचे. वर वाळलेले धान, खाली ओले, असा कट्टा कोणी आणला आणि वरची मूठ मीटरात घातली तर मीटर खरे बोलूनही माणूस फसतो. म्हणून आम्ही पोत्यात परखी खुपसतो. पोकळ सळई असते, ती थेट पोटातले दाणे काढून आणते. 'स्वाध्याय'च्या मीटरात मी वरचे वाळलेले दाणे टाकत होतो. मीटर बिघडलेले नव्हते.

आणि दुसरे. मीटरने ओलावा दाखवला म्हणून धान वाळत नाही. त्याला अंगणात पसरावे लागते, पायाने ओळी फिरवाव्या लागतात, ढग आले तर धावत जाऊन गोळा करावे लागते. आकडा पाहून झाल्यावरचे हे काम कोणते यंत्र करते?

मी यंत्राच्या विरोधात बोलतो आहे असे समजू नका. आपल्याच राज्यात याची चांगली उदाहरणे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाची छोटी वाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले, ते पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. 2020 च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातला पाष्टेपाडा आहे, आदिवासी पाडा. तेथे संदीप गुंड या शिक्षकाने जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली, आणि ते पाहून 2015 नंतर कितीतरी गावांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही घेतले. या दोन्ही ठिकाणी यंत्राच्या आधी मास्तर होता. यंत्र त्याने निवडले, त्याला काय हवे ते त्याला ठाऊक होते.

उलट बाजूही पाहा. 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैरात या खेड्यात, एकशिक्षकी शाळेत, मुलांना एकेक छोटा लॅपटॉप देण्याचा भारतातला पहिला प्रयोग झाला. परदेशातली मोठी योजना होती ती. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे, त्याने याच योजनेतून आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील खेड्यांतल्या शाळांच्या तपासणीचा अहवाल 2012 साली आला, तर लॅपटॉप मिळालेल्या शाळांतली मुले गणितात किंवा वाचनात पुढे गेलेली दिसली नाहीत. मुलांना लॅपटॉप चालवता येऊ लागला, एवढे मात्र झाले. आमच्याकडेही तेच ना? पोरगं दोन वर्षांचं नाही तर यूट्यूब लावतं, आणि आई कौतुकाने सांगते, फार हुशार आहे! आणि स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने 2023 मध्ये शाळांतल्या छापील पुस्तकांसाठी वेगळा पैसा काढला. त्यांना परवडत नव्हते म्हणून नव्हे.

आता तपासणीविषयी थोडे. 2010 पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षाच्या शेवटी एका पेपरवर मुलाचे भवितव्य ठरवू नये, वर्षभर त्याच्याकडे पाहावे, गुरुजींनी त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंद लिहावी, असा तो विचार. विचार सोन्यासारखा होता. पण झाले काय, तर तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो', 'अक्षर वळणदार आहे', उतरवून घ्या. वर्षभर गैरहजर राहिलेले पोरसुद्धा उत्साहाने सहभागी!

मग 2023-24 पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या, तिसरीपासून पुढच्या वर्गांना. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. पेपर कागदावरच असतो, पण गुण शिक्षक मोबाईलवरून भरतात, आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात. तेथे बसलेल्या अधिकाऱ्याला कळू शकते की कोणत्या जिल्ह्यातली, कोणत्या शाळेतली मुले भागाकारात अडली आहेत. कळायला हवेच. माझे म्हणणे एवढेच आहे की गोंदियाच्या पोराला भागाकार येत नाही ही गोष्ट पुण्याला कळते आणि त्याच्या आईला कळत नाही, असे होऊ नये. कारण संध्याकाळी त्या पोराजवळ आई आहे, पुणे नाही.

यासाठी भांडायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे, तीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्यातल्या तीन-चार जणी त्या समितीवर आहेत. त्यांना माझी विनंती, सभेच्या रजिस्टरवर सही करून चहा पिऊन परत येऊ नका. विचारा, माझ्या मुलाचा मागच्या चाचणीत कोणता प्रश्न चुकला? किती गुण ते नको, काय चुकले ते सांगा. गुरुजींनाही बरे वाटेल. दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसाला त्या आकड्यांविषयी कोणी विचारायला आले, यापेक्षा चांगले काय?

एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नका. 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भागात 2005 पासून होते. तिच्या 2024 च्या अहवालात देशातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना मोबाईलविषयी विचारले. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात, शंभर मुलांपैकी सुमारे 36 जणांकडे स्वतःचा फोन, आणि शंभर मुलींपैकी सुमारे 27 जणींकडे. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असे सांगणारे 57 टक्के, आणि सोशल मीडियासाठी वापरला असे सांगणारे 76 टक्के. आता प्रत्येकाने आपापले घर आठवा. संध्याकाळी फोन कोणाच्या हातात असतो आणि भांडी कोणाच्या हातात? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागले. ते इतरांनी बसवले होते. आपल्या घरातली मुलगी फोनपासून दूर बसते, ते तरट कोणी अंथरले? रिचार्ज महाग आहे मान्य, आणि कंपनीचा महिनाही अठ्ठावीस दिवसांचाच असतो. पण रिचार्ज तर दोघांच्याही बापाच्याच पैशाचा ना?

आता भाषेविषयी. मूल मोठ्याने वाचते आणि यंत्र ते ऐकून चूक-बरोबर सांगते, अशी ॲप्स आता मराठीतही आली आहेत. मला हा प्रकार आवडला, कारण यात आजोबाला मुलाच्या जागी बसता येत नाही. आवाज कळतो! आम्ही असे एक ॲप वापरून पाहिले. शेजारचा दुसरीतला पोरगा वाचायला बसला. शब्द होता 'पाणी'. तो म्हणाला 'पानी'. शब्द काही पुढे सरकेना. त्याने पाच वेळा 'पानी' म्हटले, शेवटच्या वेळी तर ओरडून. मग रडकुंडीला आला. आता आपल्या झाडीपट्टीत 'ण' म्हणतो कोण? माझी आई जन्मभर 'पानी' म्हणाली आणि 'पानी'च प्यायली. त्या पोराला वाचता येत होते, अक्षर त्याने बरोबर ओळखले होते. यंत्राला तेवढा पोच नव्हता. तेथे बसलेल्या माझ्या नातीला होता. ती म्हणाली, "तुले आलं रे. 'ण' असा मन," आणि जीभ टाळूला लावून दाखवली. सालेकसा, देवरीकडे तर घरात गोंडी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी मुले आहेत. त्यांची तपासणी करताना हा पोच किती लागत असेल, याचा विचार करा.

नातीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. फळ्याच्या त्या दिवसानंतर मी तिच्यासोबत रोज अर्धा तास बसायचे ठरवले. रोज जमले नाही. हंगामात तर आठवडेच्या आठवडे गेले. पण बसलो. 'असर'वाल्यांची वाचनाची एक चाचणी आहे, साध्या कागदाची. एकीकडे सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग चार सोप्या ओळी, मग एक छोटी गोष्ट. मुलाला शेजारी बसवायचे, एकट्याला, आणि वाचायला सांगायचे. पाच मिनिटांत कळते गाडी कोठे अडली. तसा कागद मी हाताने तयार केला. नात ओळींवर अडत होती, जोडाक्षर आले की थांबायची. तिसरीच्या चाचणीत मी तिच्या नावाने पैकीच्या पैकी मिळवले होते, आणि तिला पहिलीच्या पुस्तकापासून सुरू करावे लागले. तिला त्याची लाज वाटायची. मला जास्त वाटायची. मोबाईलही वापरला, तो क्यूआर कोडचा गाण्याचा व्हिडिओ तिला आवडायचा, आधी ऐकायची मग पुस्तकात बोट ठेवून म्हणायची. वर्ष लागले. पाचवीत असताना तिने या विहाराचा फळा वाचला, आणि माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. आज ती आठवीत आहे. हे सगळे येथे सांगू का, असे मी तिला विचारले होते. म्हणाली, "सांगा. पन मी आता वाचतो, हेही सांगा."

तर आता कामाचे बोलतो. मागच्या महिन्यापासून आम्ही चार-पाच जण विहाराच्या सभागृहात संध्याकाळी सात ते साडेआठ मुलांना घेऊन बसतो. सध्या अकरा मुले येतात, त्यात मुली सात. दोन जुने फोन मिळाले आहेत, एकाची काच फुटकी आहे पण चालतो. नियम साधे केले आहेत. फोन चटईवर मध्ये ठेवायचा, कोणाच्या खिशात नाही. व्हिडिओ पाहिला की बंद करून तो काय होता ते दुसऱ्याला सांगायचे. चाचणी सोडवायची तर बाजूला बसलेल्या मोठ्या माणसाने हात मांडीखाली ठेवायचे. हा नियम माझ्यासाठी आहे, हे सगळ्या मुलांना माहीत आहे, आणि ती माझ्याकडे लक्ष ठेवून असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक मुलाला तो कागद वाचायला देतो, आणि जे कळेल ते त्याच्या आईला तोंडी सांगतो. वहीत नंबर लिहीत नाही. कोण पहिला, कोण शेवटचा, हे तेथे चालत नाही.

ज्यांना येता येईल त्यांनी यावे. शिकलेलेच पाहिजे असे नाही. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांनी तर यावेच. मुलाने वाचलेली गोष्ट ऐकून "मंग काय झालं?" असे विचारायला अक्षर लागत नाही, आणि तेवढे विचारले की मुलाला समजले की नुसते बडबडले ते लगेच कळते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातला एकच वार द्यावा, पण दिला तर पाळावा.

फोन बदलताना जुना विकून दोनशे रुपये घेण्याऐवजी तो येथे द्यावा, चालू स्थितीतला. नवा घ्यावा असे मी कोणालाही म्हणणार नाही. आणि सभागृहातला उत्तरेकडच्या भिंतीचा प्लग पॉइंट दोन महिन्यांपासून बंद आहे. त्यामुळे एक फोन चार्जिंगला लावला की पंखा बंद करावा लागतो आणि मुले घामाघूम होतात. वस्तीत वायरमनचे काम करणारे तिघे आहेत, तिघेही समोर बसले आहेत, मी नावे घेत नाही. सामानाचे पैसे समिती देईल.

जयभीम!